करंगळीची फट

१

अण्णा गेले त्याच दुपारी त्यांची वहीही गेली. अण्णांना खांदा देऊन नेताना सगळ्या गल्लीने पाहिलं. वही कोणी नेली, ते मात्र वर्ष सरत आलं तरी कोणी सांगेना.

अण्णा म्हणजे ज्यांच्या हातांवर तीन पिढ्यांनी डोळे लावून ठेवले आणि तिन्ही पिढ्या फसल्या, ते जादूगार अण्णा. ना पेटी, ना धूर, ना कबुतरं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, टेबलावर पत्त्यांचा एक कॅट आणि चार नाणी. नाणं या बोटावरून त्या बोटावर पाण्यासारखं वाहायचं आणि मधेच कुठेतरी आटून जायचं. समोरचा बावचळला की अण्णा हलकेच गुणगुणायचे:

हात माझे मोकळे, बाह्या माझ्या वर,
चोर तुझ्या डोळ्यांत, माझी झडती कर.

चाळीस वर्षांची ही सगळी हातचलाखी त्यांनी रोज सकाळी थोडी थोडी एका निळ्या कापडी वहीत उतरवली होती. जादूगारांच्या मंडळात त्या वहीबद्दल आवाज खाली आणूनच बोललं जायचं. आता वही नव्हती, आणि मंडळाने गुन्हेगार ठरवून टाकला होता. अण्णांची लेक. बापाशी तिचं कधी पटलं नाही, त्याच्या कलेचा तिला तिटकारा, तिनेच वही चुलीत घातली, असं सगळे म्हणत. रविवारी अण्णांच्या स्मरणाची सभा होती. लेकीला बोलावणं नव्हतं.

सभेआधी वर्तमानपत्रात अण्णांवर लेख यायचा होता आणि तो लिहायचा होता आठवणबाईंनी. गेलेल्या माणसांवर लिहिणं हेच त्यांचं काम. त्यांचा फोन आला की माणूस आधी स्वतःची नाडी चाचपतो, असा कचेरीतला विनोद होता.

मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर शेवटचं वाक्यही सुचवलं. "लिहा की, अण्णांचा वारसा त्यांच्याच घरातल्या आगीत गेला."

"आग तुम्ही पाहिलीत?" बाईंनी विचारलं.

"अहो, सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग सगळ्यांपैकी एकाने तरी राख पाहिली असेल. त्यांचा पत्ता द्या."

चिटणीसांनी विषय सभेच्या वेळेवर नेला. बाईंनी फोन ठेवला, पिशवीत पेन टाकलं, वाटेतल्या खेळण्यांच्या दुकानातून पत्त्यांचा एक नवा कॅट घेतला आणि थेट लेकीकडे गेल्या.

लेक पुस्तकं बांधायची. खळीच्या वासाची लांबट खोली, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची थप्पी, दाबाखाली आवळलेली जाडजूड रजिस्टरं. ती दुमडलेल्या पानांचे फर्मे शिवत होती. सुई थांबली नाही.

"वहीचं विचारायला आलात ना? ती वही मीच बांधली होती. दर वर्षी नवीन फर्मा जोडून द्यायचे. जुना टाका उसवायचा, नवा घालायचा. स्वतःच्या हाताची शिवण कोणी चुलीत घालतं का हो?" तिने दोरा दातांनी तोडला. "वही मी जाळली नाही, बाई. पण माणूस मीच मारला. ते लिहा."

२

बाईंनी पेन काढलं नाही. स्टूल ओढून बसल्या, एवढंच.

"त्यांच्या छातीच्या गोळ्या संपल्या होत्या," लेक म्हणाली. "चौकात औषधाचं दुकान, जाऊन-येऊन वीस मिनिटं. मला पाऊण तास लागला."

"रांग होती?"

"रांग कसली! शेजारी दोऱ्याचं दुकान आहे. काचेत नवी रिळं मांडली होती. गर्द हिरवा, विटकरी, मोरपंखी. मी बघत उभी राहिले. घरात माणूस मरत होता आणि मी मोरपंखी बघत होते." तिचा आवाज सपाट होता. वर्षभर हेच वाक्य मनात घोळवून त्याचे कंगोरे झिजले असावेत. "परत आले तर अण्णा आरशासमोरच्या खुर्चीत. मान खाली. आणि डाव्या हातात पत्ते."

"पत्ते?"

"पूर्ण कॅट. कडा अशा जुळवलेल्या की माझ्या दाबाखालून निघाल्यासारख्या. आणि करंगळी पत्त्यांच्या मधे अडकलेली. ती सोडवायला मला जोर लावावा लागला. मी कॅट कपाटात टाकला आणि मग खाली जाऊन डॉक्टरांना बोलावलं. दवाखाना आमच्याच जिन्याखाली आहे."

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? लोकांनी लगेच आरती ओवाळली असती, कलावंताला मरण असं यावं म्हणून." तिने पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. "तुम्हाला एक सांगते. छापू नका. अण्णांचे हात गेले होते. कंप. आठ महिने मी त्यांना भरवत होते, शर्टाची बटणं लावत होते. कपसुद्धा धरवत नव्हता. जगाला काय, तर अण्णांनी निवृत्ती घेतली. त्यामुळे ते पत्ते बघितले तेव्हा मला वाटलं, शेवटच्या घटकेला त्यांचे हात परत आले. एकदाच. आणि बघायला मी नव्हते."

दाबयंत्राचा लाकडी दांडा कुरकुरला. बाईंनी स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"तो कॅट पूर्ण होता? मोजलात?"

"मोजला नाही. पण आठवड्याने झाडताना आरशाच्या स्टँडखाली चौकटची तिर्री सापडली. मग कपाटातले मोजले. एकावन्न."

बाईंनी नवा कॅट टेबलावर ठेवला. "जरा धरून दाखवा. तुम्ही धराल तसा."

लेकीने तो चिकटवायला घेतलेल्या पुस्तकासारखा चारही बाजूंनी चिमटीत धरला. करंगळी बाहेर, ताठ.

"घराच्या किल्ल्या किती?"

"तीन. मी जाताना बाहेरून कुलूप लावायचे, अण्णांना कडी उघडता येत नव्हती म्हणून. एक माझ्याकडे, एक अण्णांचा पडदा ओढणाऱ्या पडदेकाकांकडे. आणि एक थोरल्याकडे, अण्णांच्या चेल्याकडे. तो बारा वर्षं आमच्या घरात राहून शिकला. अण्णा जायच्या दोन वर्षं आधी भांडून गेला, किल्ली मागायची राहून गेली."

"परत आलात तेव्हा कुलूप?"

"होतं. नीट."

बाई उठल्या. तिर्री स्टँडखाली गेली, म्हणजे पत्ते सांडले होते. ज्या हातांतून कप निसटतो, त्या हातांनी जमिनीवरचे एकावन्न पत्ते वेचून कडा जुळवल्या नव्हत्या.

"त्या दुपारी घरात तिसरं माणूस होतं, पोरी," त्या म्हणाल्या.

लेकीच्या बोटात सुई घुसली. तिला ते कळलंही नाही.

३

पडदेकाका नाट्यगृहाच्या विंगेत दोरीची गुंडाळी करत बसले होते. अण्णांच्या पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत पडदा त्यांनीच ओढला. बाईंना पाहताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आठवणबाई! अहो, मी अजून आहे! वाटल्यास चिमटा काढून बघा."

"तुमचा लेख लिहून तयार आहे, काका. फक्त तारीख घालायची बाकी आहे."

"चांगलं लिहिलंय ना? मग लवकर मरतो, वाचायला मिळेल."

हसणं संपलं तसे काका म्हातारे दिसू लागले. बाईंनी वहीचा विषय काढला.

"ती पोरगी वही जाळणार नाही," काका म्हणाले. "माझ्या हाती लागली असती तर मी जाळली असती."

"का?"

"पडद्याआडचं पडदेवाल्याने सांगायचं नसतं."

"तुम्हाला कंपाचं माहीत होतं, म्हणजे. लेकीने सांगितलंय मला."

काकांनी दोरी खाली ठेवली. "शेवटच्या खेळात नाणं पडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. टणकन आवाज झाला आणि मी पडदा टाकला. लोकांना वाटलं, खेळच तेवढा होता. टाळ्या पडल्या. अण्णा आत माझ्या छातीवर डोकं ठेवून रडले. त्या वहीत शेवटी शेवटी काय लिहीत होते ते मी पाहिलंय. ते मंडळातल्या कावळ्यांनी वाचायला नको, एवढंच माझं म्हणणं. त्या दुपारी मी इथे होतो. मुलांचा खेळ होता, अडीच तास दोरी हातात. चारशे पोरं साक्षीला आहेत."

बाईंनी कॅट पुढे केला. "अण्णा पत्ते कसे धरायचे?"

काकांनी कॅट घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून छातीशी घट्ट दाबला, उडू पाहणाऱ्या पाखराला धरावं तसा. "असे. शेवटी असेच धरायचे. मग मी एकेक पत्ता ओढून घ्यायचो आणि म्हणायचो, वा अण्णा, कळलंसुद्धा नाही!"

त्यांनी नाक पुसलं. बाईंनी त्यांना सावरायला वेळ दिला.

"आणि आधी? करंगळी पत्त्यांत घालून?"

काकांचे डोळे बारीक झाले. "ते तुम्हाला कोणी सांगितलं? ती फट आहे, बाई. समोरून कॅट सलग दिसतो. आत करंगळीच्या शेंड्याएवढं दार उघडं ठेवलेलं असतं, हवा तो पत्ता तिथून परत येतो. माझ्याच जागेवरून दिसायची ती, प्रेक्षकांना कधीच नाही. अण्णांनी ती जन्मात एकालाच शिकवली."

"कोणाला?"

काका उठले, दोरीला हात घातला, आणि भला थोरला काळा पडदा बाईंच्या आणि त्यांच्या मधे धप्पकन खाली आला.

पलीकडून आवाज आला, "एकच तर चेला घरात ठेवला होता त्यांनी. मी नाव नाही घेणार. तो पोरगा माझ्या मांडीवर झोपलाय."

४

थोरला आता मोठा माणूस होता. त्याच्या तालमीच्या दालनात उंच पेट्या उभ्या होत्या, धुराचं यंत्र फुसफुसत होतं, दोन कामगार एका पिंजऱ्याला चाकं लावत होते. त्याने बाईंना खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसला. साधा, गोड बोलणारा. भुरळ पाडणं हा त्याचा धंदाच होता.

"अण्णांबद्दल काय सांगू? आईने जन्म दिला, हात अण्णांनी दिले."

"मग भांडण कशावरून?"

"या पेट्यांवरून. म्हणाले, तू आता सुतार झालास, रंधा घेऊन ये." तो हसला. "मीही बोललो. म्हातारं माणूस, म्हटलं चार दिवसांत विसरतील. मग दोन वर्षं गेली. त्यांनी निवृत्ती घेतल्याचंही मला पेपरात कळलं."

"शेवटचं कधी भेटलात?"

"भेटलोच नाही. त्या दिवशी परगावी तालीम होती. संध्याकाळी बातमी कळली, धावत आलो." वाक्य अडखळलं नाही. "दुर्दैव."

"ते कसे शिकवायचे, ते सांगा ना. लेखाला हवंय."

थोरल्याचा चेहरा खरोखर उजळला. "पहिला धडा तीन महिने चालला. ते समोर बसायचे आणि काहीही करायचे. शिंकायचे, ओरडायचे, एकदा तर गरम चहा मांडीवर सांडून घेतला. मी तिकडे पाहिलं की डोक्यात टपली! म्हणायचे, मी जिकडे बघायला लावतो तिकडे बघतोस, गाढवा? तो प्रेक्षकाचा डोळा. तुझा डोळा दुसऱ्या हातावर हवा. घर पेटलं तरी दुसऱ्या हातावर. तीन महिन्यांनी मी टपली खायचा थांबलो."

"फार कडक."

"त्यांच्यामुळेच मी फसत नाही कोणाला."

बाईंनी पिशवीतून कॅट काढला आणि बोलता बोलता त्याच्यापुढे धरला, पाण्याचा पेला पुढे करावा इतक्या सहज. "लेखासोबत चित्र द्यायचंय. अण्णा पत्ते कसे धरायचे? मला आपलं पत्ते वाटण्यापलीकडे काही येत नाही."

थोरल्याने कॅट डाव्या हातात घेतला. एकदा टकटक, कडा जुळल्या. अंगठा वर, तीन बोटं बाजूला. आणि करंगळी? करंगळी आपोआप, घरचं माणूस मागल्या दाराने शिरावं तशी, पत्त्यांच्या मधे गेली. त्याने खाली पाहिलंच नव्हतं. बारा वर्षांच्या सवयीने ते बोट त्याला न विचारता चालत होतं.

बाई पाहत राहिल्या.

"काय बघताय?"

"तुमची करंगळी," बाई म्हणाल्या.

धुराचं यंत्र बंद पडलं. थोरल्याने हाताकडे पाहिलं आणि कॅट घाईने जमिनीवर ठेवला.

५

कामगारांना त्याने बाहेर पाठवलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. लेकीला अण्णा सापडले तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पत्ते होते. तिने ते काढून टाकले, त्यामुळे नंतर आलेल्या कोणी पाहिले नाहीत. पत्ते आधी सांडले होते, एक स्टँडखाली राहिला. ते वेचून त्यांच्या हातात ठेवणारं कोणीतरी होतं, आणि त्याच्याकडे किल्ली होती. अशी माणसं तीन. लेक घरची, पण तिला कॅट धरताच येत नाही, पुठ्ठा धरावा तसा धरते. पडदेकाकांना फट माहीत आहे, पण त्यांच्या आठवणीतले अण्णा पत्ते छातीशी दाबून धरतात. कारण त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. अण्णांचे हात कंपाने गेले होते, ते तुम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं. ज्याने मेलेल्या बोटांत फट घातली, त्याच्या मनातले अण्णा धडधाकट होते. आणि त्याला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने पत्ते धरताच येत नव्हते. परक्याने कॅट नुसता तळव्यावर ठेवला असता, त्यांच्या चेल्याला ते जमलं नाही."

थोरला उठून एका पेटीपाशी गेला, तिचा खोटा तळ उचलला आणि निळ्या कापडाची वही आणून बाईंच्या मांडीवर ठेवली.

"मागून उघडा," तो म्हणाला.

बाईंनी मागची पानं उघडली. अक्षर वाकडंतिकडं, शाई फरफटलेली. एकेका करामतीचं नाव, आणि पुढे एकच शब्द.

उजव्या तळव्यातलं नाणं. गेलं.
पंखा. गेला.
एका हाताने पत्ते पिसणं. गेलं.
करंगळीची फट. गेली.

अशी चार पानं. चाळीस वर्षांत जोडलेलं एकेक बोट माणूस परत करत होता. अगदी तळाशी, वाचताही येणार नाही अशा अक्षरात: आता नुसतं बोलणं उरलं.

"हे मी त्या दिवशी संध्याकाळी वाचलं," थोरला म्हणाला. "आधी वाचलं असतं तर..." त्याने पेटीचा तळ परत बसवला. "पोलिसांना सांगणार?"

"मी माणसं गेल्यावर लिहिते. तुमच्यावर लिहायला अजून वेळ आहे. पण एक पोरगी वर्षभर स्वतःला खुनी म्हणवून घेतेय. चला."

"तिच्यासमोर मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? चारशे लोकांसमोर बाई कापता की रोज!"

६

लेकीने त्याला दारात पाहिलं आणि मग त्याच्या हातातली वही पाहिली. तिने वही घेतली, आधी पाठ तपासली, टाके मोजल्यासारखा अंगठा फिरवला. शाबूत होते.

"बोल," ती म्हणाली.

थोरला उभाच राहिला. "ताई, तू कोपऱ्यावर वळलीस तसा मी वर आलो. वही मागायला. मला कळलं होतं की त्यांनी खेळ सोडलाय. म्हटलं, आता तरी देतील. ते आरशासमोर बसले होते, वही मांडीवर. मी म्हटलं, अण्णा, निदान एकदा फट दाखवा, शेवटची. त्यांनी पत्ते उचलले आणि सगळे सांडले."

"पुढे."

"मला वाटलं, माझी टिंगल करतायत. सुताराला एवढंच पुरे, असं. मग त्यांनी उजवा हात छातीवर दाबला. तोंड वेडंवाकडं केलं. घाम फुटला. म्हणाले, थोरल्या, खाली जा, डॉक्टरला..." तो थांबला. "ताई, त्यांनी माझ्यासमोर हजार वेळा अशी सोंगं केली होती. चहा सांडला होता. मी म्हटलं, अण्णा, पुरे, मी आता टपली नाही खाणार. आणि मी डाव्या हाताकडे बघत राहिलो."

लेक एक पाऊल पुढे आली. "डाव्या हातात काय होतं?"

"वही. डाव्या हाताने ते वही माझ्याकडे सरकवत होते. मला वाटलं, ही बनावट, खरी दुसरीकडे लपवली. मी त्या हातावरून नजर काढली नाही. तो थांबला तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. मी हसून वर पाहिलं."

खोलीत खळ वाळत असल्याचा आंबूस वास होता. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"जिन्याखाली डॉक्टर होता," लेक म्हणाली. "एक हाक."

"हो."

"किती वेळ बघत बसलास?"

"सात-आठ मिनिटं. मग संपलं. उरलेला वेळ पत्ते वेचत होतो. त्यांना तसं सांडलेल्या पत्त्यांत ठेवून जाववेना. मग वही घेतली, कुलूप लावलं, उतरलो."

"आठ मिनिटं." तिने बोटं उघडझाप केली, हिशेब जुळवताना करतात तशी. "मी तडक गेले असते आणि तडक आले असते तरी वीस लागली असती."

"तरी उशीरच झाला असता, ताई. तुझ्याकडून काही..."

"तू नको सांगूस मला ते!" आवाज एवढा चढला की शेजारच्या खोलीतलं यंत्र थांबलं. "वर्षभर मी त्या रस्त्याने गेले नाही. दोरा आणायला दोन चौक पलीकडे जाते मी. लोक मला चूल दाखवतात. आणि तू मंडळात त्यांच्या शेजारी बसून मान हलवत होतास. वही तेव्हाच का नाही दिलीस?"

"तर ती पानं सगळ्यांनी वाचली असती. आणि मग मलाही कबूल करावं लागलं असतं की ते सोंग नव्हतं."

ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. मग तिने झटकन ओढणीने तोंड पुसलं आणि वही कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"रविवारी तू बोलणार आहेस ना मंडळात?"

"मुख्य भाषण माझंच आहे."

"तिथे बोल. आत्ता बोललास तेच. एक शब्द कमी नको. मी समोर बसणार आहे."

७

सभागृह भरलं होतं. अण्णांची मोठी तसबीर, फुलं, पहिल्या रांगेत मंडळाची मानाची माणसं. लेक आठवणबाईंच्या बरोबर आत आली तेव्हा कुजबुज झाली. चिटणीस लगबगीने पुढे आले.

"ताई, जागा राखीव आहेत, गैरसमज नको..."

"बापाच्या सभेत लेकीला जागा नसेल तर मी उभी राहीन," लेक म्हणाली. "तुमच्या पायावर."

त्यांनी पाय मागे घेतले. ती बसली.

थोरला माईकपाशी गेला. त्याच्या हातात कागद नव्हता, नाणं नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी मला डॉक्टर बोलवायला सांगितलं. मी गेलो नाही."

मागून कोणीतरी खुशीत शीळ घातली. एक जण टाळी वाजवायला लागला, मग दहा, मग सगळं सभागृह. जादूगारच ते! याहून भारी सुरुवात कोणी केली नव्हती. शेजारच्याला कोपर मारून लोक म्हणत होते, बघ आता, बघ कसा उलटवतो ते.

थोरल्याने हात वर केला. टाळ्या वाढल्या.

"हा खेळ नाही," तो म्हणाला. लोक हसले.

"वहीही मीच नेली. ताईने जाळली नाही. वही तिच्याकडे आहे." आता हसणं अर्धवट राहिलं. "ते मरत होते आणि मला वाटलं, फसवतायत. मी बघत बसलो."

आधी पहिल्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मग दुसऱ्या. विंगेत पडदेकाकांचा हात दोरीवर गेला होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांना पडदा टाकायचा होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. काकांनी दोरी सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं.

शेवटच्या रांगेतला कोणी एक जण अजून टाळ्या वाजवत होता. मग त्यालाही आपला आवाज एकटा ऐकू आला.

थोरल्याने लेकीकडे पाहिलं. आता तरी थांब म्हणेल, म्हणून.

ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर घेऊन. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आठ मिनिटांचं सांग."